'हेला' म्हणजे नक्की किती?

मागच्या गणेशोत्सवात प्रसाद खाता खाता एका सातवीतल्या चिरंजीवांनी जाहीर केलं, "आई, मोदक हेला गुड आहेत!" आई म्हणाली, "हेला काय रे? छान म्हण." आम्ही सॉफ्टवेअरवाले शेजारीच बसलो होतो. बे एरियात येऊन दहा-बारा वर्षं झाली, पण या शब्दाचं मूळ गाव कुठलं, हे आम्हालाही धड सांगता येईना. म्हणून हा लेख.

'हेला' म्हणजे 'खूप', आपलं 'लय'. उत्तर कॅलिफोर्नियात तो १९७०च्या दशकापासून बोलला जातो. २०१० मध्ये यूसी डेव्हिसच्या एका विद्यार्थ्याने, एकावर २७ शून्यं या संख्येला 'हेला' हाच अधिकृत उपसर्ग द्यावा, अशी मोहीम काढली होती. गूगलच्या कॅल्क्युलेटरने तो लगेच स्वीकारलाही! २०२२ मध्ये मान मिळाला तो 'रोना'ला. असो.

या बोलीला जगभर नेलं ते 'हायफी' नावाच्या हिप-हॉप चळवळीने. 'हायपर' या शब्दाचं हे भावंडं. तो रूढ करण्याचं श्रेय ओकलंडच्या कीक द स्नीक या रॅपरला देतात. चळवळीचा दैवत म्हणावा असा मॅक ड्रे व्हालेहोत वाढला. नोव्हेंबर २००४ मध्ये कॅन्सस सिटीत त्याची गोळ्या घालून हत्या झाली. व्हालेहोच्याच ई-फॉर्टीचं 'टेल मी व्हेन टू गो' २००६ मध्ये आलं आणि हायफी देशभर वाजू लागलं. मोठ्या कंपन्या दारात उभं करत नव्हत्या तेव्हा या मंडळींनी गाडीच्या डिकीतून कॅसेटी विकल्या. आपल्या व्हॅलीत कंपन्या गॅरेजमधून निघाल्या, त्यांच्या डिकीतून!

आता थोडा शब्दकोश. 'गो डम्ब' म्हणजे अक्कल खुंटीला टांगून नाचणं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशापुढे नाचलेल्यांना जास्त सांगायला नको. 'स्लॅप्स' म्हणजे गाणं असं दणदणीत, की गाडीच्या काचा थरथराव्यात. 'व्हिप' म्हणजे गाडी. 'स्क्रेपर' म्हणजे जुनी ब्यूइकसारखी सेडान, तिला एवढी मोठी चाकं लावलेली की टायर बॉडीला घासावेत. 'थिझ' हा शब्द मात्र नशेच्या गोळीवरून आला आहे, हे पालकांनी माहीत करून घेतलेलं बरं.

एवढे शब्द गाडीभोवतीच का फिरतात? इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. पूर्व ओकलंडमध्ये १९१६ पासून शेवरोलेचा कारखाना होता. १९६३ मध्ये जनरल मोटर्सने तो बंद करून काम फ्रीमॉन्टला हलवलं. जुन्या जागेवर ईस्टमाँट मॉल उभा राहिला. १९८०च्या दशकात त्याच मॉलच्या पार्किंगमध्ये तरुण पोरं सजवलेल्या गाड्या घेऊन जमू लागली, गोल गोल फिरवू लागली. तोच 'साइडशो'. जिथे आधीच्या पिढीने गाड्या बनवून पोट भरलं, तिथे पुढच्या पिढीकडे गाडी मिरवण्यापुरतीच जागा उरली. आणि फ्रीमॉन्टचा तो कारखाना? तो पुढे न्युमी झाला, २०१० मध्ये बंद पडला आणि टेस्लाने घेतला. आपल्यातले काही जण आज तिथेच नोकरीला जातात. व्हालेहोची कथाही तशीच. १८५४ पासूनची नौदलाची गोदी १९९६ मध्ये बंद झाली, आणि २००८ मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली.

याचा अर्थ सगळं गोड मानायचं, असं नाही. साइडशोत माणसं मेली आहेत. 'घोस्ट रायडिंग', म्हणजे चालत्या गाडीतून उतरून तिच्या टपावर किंवा बाजूने नाचणं, यातही तरुणांचे जीव गेले. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाने साइडशोतली गाडी ३० दिवस जप्त करण्याचा कायदा केला, तरी साइडशो थांबले नाहीत. मध्यरात्री घराखाली टायर जाळले जातात तेव्हा त्रास तिथल्याच आयाबायांना होतो.

पण याच रस्त्यावर 'टर्फ' नाचही वाढला. टर्फ म्हणजे 'टेकिंग अप रूम ऑन द फ्लोअर', जमिनीवर आपली जागा धरणं. २००९ मध्ये टर्फ फाइन्झ या गटातली चार मुलं पूर्व ओकलंडच्या एका चौकात भर पावसात नाचली. त्यांच्यातल्या एकाचा भाऊ अपघातात गेला होता, त्याच्या आठवणीत. तो व्हिडिओ घरी सगळ्यांनी मिळून जरूर बघा. आमच्या घरात तो संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

खरं सांगायचं तर, बार्टच्या डब्यात अशी मुलं नाचायला लागली की आम्हीही लॅपटॉपची बॅग जवळ ओढत आलो आहोत. दांड्याला लटकून केलेल्या त्या कसरतीला आम्ही नजरही दिली नाही. आज त्याची लाज वाटते.

यंदाच्या निधीतला काही भाग ओकलंडमधल्या मुलांच्या, शाळा सुटल्यानंतरच्या संगीत-नृत्य वर्गांना द्यायचं मंडळाने ठरवलं, तेव्हा बैठकीत एका काकांनी विचारलं, "आपल्या पैशांतून त्यांची नाचगाणी कशाला?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्हाला उत्तर सुचलं नाही, ते आता देतो. काका, तुमचा नातू ज्या भाषेत मोदकाचं कौतुक करतो, ती या मुलांच्या गल्लीतून आली आहे. आपण ती फुकट वापरतो आहोत. त्या मुलांना सराव करायला रस्त्याऐवजी एक छप्पर मिळालं, तर थोडी परतफेड होईल.

चेक लिहिताना रक्कम किती, ते तुम्ही ठरवा. आमचं आपलं एकच म्हणणं, हेला असावी!