घरच्या वडीलधाऱ्यांचा तोल आणि हातातला मोबाईल



ऊसतोडीच्या धांदलीत घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे लक्ष राहत नाही, हे मी गावोगाव फिरताना पाहतो. दुसऱ्याचे कशाला, माझ्याच घरचे सांगतो. दोन वर्षांखाली आईला टच मोबाईल घेऊन दिला. दिवसाकाठी किती पावले चालली ते त्यात दिसे, तिलाही गंमत वाटे. पण अंगणातला बल्ब महिनाभर उडालेला होता, तो मी बदलला नव्हता. एका पहाटे संडासाकडे जाताना ती उंबऱ्याला अडखळून पडली. मोबाईल आत चार्जिंगला होता. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, आज ती वॉकर धरून चालते. पण एकटी अंगणात उतरायला धजत नाही. पावले मोजायचे यंत्र मी आणले, पाऊल टाकायच्या जागी उजेड केला नाही. ही रुखरुख आहे, म्हणून हा लेख.

"वय झाले, पडायचेच" असे आपण म्हणतो. ते खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात पडण्यामुळे दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, आणि त्यात साठीच्या पुढची सर्वांत जास्त. कारणे साधी असतात : पायातली ताकद कमी होणे, मोतीबिंदू, रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी येणारी चक्कर, अंधार, ओली फरशी, झिजलेली चप्पल. यांतली बरीच टाळता येतात.

मग मोबाईलचा उपयोग काय? ऑस्ट्रेलियात सिडनी येथे सत्तरीच्या पुढच्या ५०३ लोकांवर एक प्रयोग झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या लोकांना टॅबलेटवर तोल सांभाळण्याचे व्यायाम दाखवणारे ॲप दिले. पहिल्या वर्षी ठळक फरक दिसला नाही. पण दोन वर्षांचा हिशेब केला तेव्हा पडण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी आणि दुखापत होईल असे पडणे २० टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे गुण आला तो व्यायामाचा, आणि तोही नेटाने केल्यावर. ॲपने तो करवून घेतला, एवढेच.

आपल्याला ॲप नसले तरी चालेल. साध्या मोबाईलमधले स्टॉपवॉच पुरे. म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवा. उठून १० फूट चालायचे, वळायचे आणि परत येऊन बसायचे. आपण जवळ उभे राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवा. त्यांना विचारूनच व्यायाम सुरू करा : खुर्चीतून उठणे-बसणे, ओटा धरून टाचा उचलणे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहणे. वेळेची आठवण मोबाईलचा गजर करील.

गोळ्यांनी चक्कर येत असेल तर गोळी मनाने बंद करू नका. ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी मोफत बोलता येते. ज्येष्ठांना माहिती व मदतीसाठी १४५६७, आणि अपघात झालाच तर रुग्णवाहिकेसाठी १०८, हे नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा. मोबाईल गळ्यात दोरीने किंवा कमरेच्या पिशवीत ठेवण्याची सवय लावा. फळीवरचा मोबाईल पडलेल्या माणसाच्या कामाचा नाही. पडल्याचे ओळखून घरच्यांना कळवणारी घड्याळेही आता मिळतात. पण ती पडल्यानंतरची सोय झाली.

आणखी एक. रात्रीच्या लाईनवर ओलीत करायला अजूनही कित्येक घरी म्हातारा बाप जातो. ओल्या धुऱ्यावरून, एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात मोबाईलची बॅटरी. तरण्या पोरांनी ही पाळी आपल्याकडे घ्यावी. मोबाईलवरून मोटर चालू करता येते, घसरणारा पाय धरता येत नाही.

ओलावा मोजणारे यंत्र उसाला पाणी देत नाही, पाणी आपल्यालाच द्यावे लागते. तसेच हे आहे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढे करा : अंगणातला आणि संडासाच्या वाटेवरचा बल्ब लागतो का पाहा, मोरीतले शेवाळ खरवडून काढा, भिंतीला धरायला एक पाईप ठोका. मग मोबाईल हाती घ्या.

— ऊस विकास अधिकारी