माइकचा स्टँड आणि तरफेचे गणित

शहागडसारख्या, सोलापूर-धुळे महामार्गावरच्या गावात घरी धडा ध्वनिमुद्रित करताना शिक्षकाच्या आवाजात ट्रकचा आवाजही मिसळतो. त्यावर पहिला उपाय म्हणजे माइक जवळ आणणे. तोंडापासून ६० सेंमीवरचा माइक १५ सेंमीवर आणला, तर व्यस्त वर्गाच्या नियमानुसार बोलण्याची तीव्रता सुमारे १६ पट होते. रस्त्याचा आवाज मात्र तेवढाच राहतो. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचा, स्प्रिंगवर तोललेला स्टँड हवा तो यासाठी.

तो कसा निवडावा? हा स्टँड म्हणजे तरफच. माइक सांध्यापासून आडव्या दिशेने २५ सेंमीऐवजी ७५ सेंमीवर नेला, की त्याच वजनाचे आघूर्ण तिप्पट होते. ते स्प्रिंग तोलून धरते. इंग्लंडच्या जॉर्ज कार्वर्डाइन यांनी १९३२ मध्ये टेबलावरच्या दिव्यासाठी वापरलेले तत्त्व हेच. माइक फार जड असेल तर स्टँडचा दांडा खाली येतो. फार हलका असेल तर आपोआप वर जातो. त्यामुळे जड माइकसाठी केलेला महागडा स्टँड हलक्या माइकला गैरसोयीचाच ठरतो.

म्हणून आधी माइक किराणा दुकानातल्या काट्यावर तोलावा. तेवढ्याच वजनाची वाळूची पुरचुंडी स्टँडच्या टोकाला बांधून दांडा तीन-चार स्थितींत सोडून पाहावा. तो जागचा हलला नाही, तर स्वस्त स्टँडही पुरेसा आहे. टेबलाची कड क्लॅम्पमध्ये मावते का, टिचकी मारल्यावर स्प्रिंग झणझणते का, हेही पाहावे. ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घेतली, तर तरफेचा पाठही होईल.