नव्या वैमानिकाने बिऱ्हाड कुठे करावं?

अमेरिकेत लहान शहरांतून मोठ्या विमानतळांकडे जाणारी जी छोटी विमानं असतात, त्यांच्यावर नाव युनायटेडचं, डेल्टाचं किंवा अमेरिकनचं असतं. पण ती चालवणारी कंपनी पुष्कळदा वेगळीच असते. स्कायवेस्ट, रिपब्लिक, एनव्हॉय ही त्यातली काही नावं. यांना रीजनल एअरलाइन म्हणतात. तरुण वैमानिक पहिली नोकरी बहुधा इथेच धरतो. आणि नोकरी लागली की पहिला प्रश्न पडतो तो विमानाचा नाही, घराचा.

आपल्याकडे बेळगावच्या मुलाला बँकेत नोकरी लागली आणि नेमणूक हैदराबादला झाली, तर तो मुकाट्याने तिथे खोली बघतो. अमेरिकेतल्या वैमानिकाला तशी सक्ती बहुधा नसते. कंपनी त्याला एक 'बेस' देते, म्हणजे जिथून त्याची ड्युटी सुरू होते आणि जिथे ती संपते तो विमानतळ. तिथे वेळेवर हजर राहा, मग घर कुठेही असो. विमानात जागा रिकामी असेल तर फुकट किंवा नाममात्र पैशांत बसता येतं. नाहीच मिळाली, तर कॉकपिटमधली जादा खुर्ची असते, तिला जंपसीट म्हणतात. त्यामुळे घर एका राज्यात आणि बेस तिसऱ्याच राज्यात, असा संसार करणारे वैमानिक तिथे शेकड्यांनी सापडतात. या येण्याजाण्याला ते 'कम्यूट' म्हणतात, जणू काही लोकल पकडून ऑफिस गाठायचंय!

मोह होण्यासारखं त्यात बरंच आहे. आईवडिलांकडे राहिलं तर भाडं वाचतं. बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी सुटत नाही. शिवाय तिथल्या केंद्रीय कायद्यामुळे, अनेक राज्यांतून उडणाऱ्या वैमानिकाच्या पगारावर बेसच्या राज्याला केवळ बेस तिथे आहे म्हणून आयकर लावता येत नाही. मुख्यतः तो राहतो त्या राज्याचा कर लागतो. टेक्सास आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकरच नाही. मग न्यूयॉर्कजवळ महागडी खोली कोण घेईल?

पण खरी गोची सिनिऑरिटीत आहे. एअरलाइनमध्ये सगळं रुजू होण्याच्या क्रमाने ठरतं. बेस कुठला, सुट्ट्या कधी, कुठली फेरी मिळणार, सगळं. तुम्ही कितीही हुशार असा, यादीत शेवटचे असाल तर इतरांनी टाकलेलं तुमच्या वाट्याला. राहायला महाग, म्हणून जुन्यांना नकोसे झालेले बेस नव्यांच्या पदरात पडतात. त्यातून नवा माणूस बहुतेक वेळा 'रिझर्व्ह'वर असतो. म्हणजे फोन उशाशी ठेवून बसायचं, आणि बोलावणं आलं की साधारण दोन तासांत विमानतळावर हजर. सातशे मैलांवरच्या घरातून हे कसं जमणार? मग बेसजवळ एखादी कॉट भाड्याने घ्यावी लागते. एका फ्लॅटमध्ये आठ-दहा वैमानिक, बंक बेड, खिडक्यांना जाड पडदे. याला 'क्रॅशपॅड' म्हणतात. स्वस्तातल्या प्रकारात तर ठरलेली कॉटही नसते, जी रिकामी दिसेल तीवर आपली चादर टाकायची. म्हणजे भाडं वाचवायला लांब राहिलेला माणूस शेवटी दोन ठिकाणी पैसे भरतो. आणि महिन्याला सुट्ट्या अकरा-बारा. प्रत्येक ड्युटीसाठी आदल्या रात्री निघायचं, संपल्यावर शेवटचं विमान चुकलं तर सकाळपर्यंत थांबायचं. चार फेऱ्या झाल्या की त्यातल्या चार-पाच सुट्ट्या प्रवासातच गेल्या.

हे सगळं गैरसोयीपुरतंच असतं तर सोडून दिलं असतं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला जाणारं कोल्गन एअरचं विमान उतरण्याआधी एका घरावर कोसळलं. विमानातले सगळे ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. तिकिटावर नाव होतं कॉन्टिनेंटलचं. सहवैमानिक २४ वर्षांची होती. तिचा बेस नेवार्क आणि घर सिअॅटलजवळ, म्हणजे बेळगाव-दिल्ली अंतराच्या दुपटीहूनही लांब. आदल्या संध्याकाळी निघून, मालवाहू विमानांतून मेम्फिसमार्गे, रात्रभर प्रवास करून ती सकाळी नेवार्कला पोचली होती. कॅप्टनचं घर फ्लोरिडात. त्याने आदली रात्र विमानतळावरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत काढली होती. चौकशीत अपघाताचं मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हे ठरलं. विमानाचा वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर नाक खाली करायचं, त्याने ते वर ओढलं. दोघांवर थकव्याचा परिणाम झालेला असावा, पण अपघातात त्याचा वाटा किती हे नक्की सांगता येत नाही, असं अहवाल म्हणतो. मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त बोचतो. त्या कंपनीच्या नेवार्क बेसवरच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण असेच बाहेरून येणारे होते. म्हणजे ती मुलगी काही वेगळं करत नव्हती.

त्यानंतर नियम बदलले. २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १,५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो. २०१४ पासून ड्युटीआधी सलग दहा तासांची विश्रांती आणि त्यात आठ तास झोपेची संधी सक्तीची झाली. पण घरून बेसपर्यंतचा प्रवास? तो आजही ड्युटीत धरत नाहीत. कागदावर ते विश्रांतीचेच तास. 'मी विमान चालवायला तंदुरुस्त आहे' ही ग्वाही वैमानिकाने स्वतः द्यायची. रात्रभर जागून आलेला आणि ड्युटी सोडली तर पगार कापला जाईल या धास्तीतला पंचविशीतला पोरगा ती ग्वाही किती प्रामाणिकपणे देईल, याचा विचार ज्याने त्याने करावा.

म्हणून माझं मत सरळ आहे. रिझर्व्हवर असेपर्यंत तरी बेसजवळच राहावं, गाव आवडो न आवडो. मात्र भाड्याने. घर विकत घेऊ नये, कारण बेस टिकेलच असं नाही. कोमेअर ही सिनसिनाटीजवळची जुनी रीजनल कंपनी २०१२ मध्ये बंद पडली. २०२० मध्ये कंपास, ट्रान्स स्टेट्स आणि एक्सप्रेसजेट एकाच वर्षात थांबल्या. दुसऱ्या कंपनीत गेलात की सिनिऑरिटी पुन्हा शून्यापासून, आणि बेसही पुन्हा नवा.

लग्न झालेल्यांचं गणित वेगळं, हे मान्य. जोडीदाराची नोकरी, मुलाची शाळा अशा गोष्टी दर दोन वर्षांनी उचलून नेता येत नाहीत. त्यांनी लांब राहायचंच ठरवलं, तर निदान घराजवळच्या विमानतळावरून बेसला थेट विमानं दिवसाला किती, आणि रात्रीचं शेवटचं किती वाजता, हे आधी बघावं. वाटेत विमान बदलावं लागत असेल तर ते घर बाद. थेट विमान असलं तरी हिवाळ्यात ड्युटीच्या आदल्या दिवशीच निघावं आणि बेसवर रात्री नीट झोपावं. दुपारी सुरू होऊन दुपारीच संपणाऱ्या फेऱ्या मिळण्याइतकी सिनिऑरिटी आली, की मग हवं तिथे घर बांधायला हरकत नाही.