दहा श्वासांमागे एक मणी

तांबड्या समुद्राच्या काठी, येमेनच्या सरहद्दीला लगटून वसलेल्या जिझान या सौदी प्रांताविषयी आपल्याकडे जी कल्पना असते ती बहुधा वाळूची आणि उंटांची असते. प्रत्यक्षात तेथे ज्वारीची शेते आहेत, आंब्याच्या बागा आहेत, आणि बाजारात मोगऱ्याचे गजरे विकावयास येतात, जे तेथील पुरुषही निःसंकोचपणे मस्तकी धारण करतात. उकाडा कोकणासारखा दमट. माझा पुतण्या तेथे एका कारखान्यात नोकरीस आहे आणि आंब्याच्या दिवसांत त्याच्या घरी काही आठवडे राहण्याचा योग मला आला. त्याच मुक्कामात एके रात्री त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला खोकला व ताप येऊन सारे घर जागे झाले.

“काका, इथे चिठ्ठीशिवाय काही मिळत नाही हो,” पुतणसून म्हणाली. “पुण्यात असते तर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एव्हाना आणलं असतं.”

तिचे बोलणे दोन्ही देशांपुरते खरे होते. सौदी अरेबियातही प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई पूर्वीपासूनच होती, परंतु ती दप्तरात पडून राहिलेली मनाई होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आजारी असल्याची बतावणी करीत संशोधकांनी रियाधमधील तीनशेहून अधिक औषधी दुकाने पालथी घातली, तेव्हा तीन-चतुर्थांशांहून अधिक दुकानदारांनी प्रतिजैविक बिनदिक्कत काढून दिले. २०१८ साली सरकारने या कायद्याचा अंमल कडक केला. एक लाख रियालपर्यंत दंड आणि परवाना रद्द होण्याची तंबी मिळताच दुकानदार ‘वस्फा’, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, मागू लागला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ अन्वये निवडक प्रतिजैविकांच्या प्रत्येक विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन दुकानदारावर आहे, वेष्टनावर तांबडी उभी रेघही आहे. ती रेघ किती ग्राहकांच्या नजरेस पडते हे ज्याचे त्याने आपल्या घरातील औषधांच्या डब्यात पाहावे.

परंतु हुकूम दुकानाला लागू होतो, बॅगेला नाही. पुतणसुनेने कपाटावरून एक बाटली काढली. आजीने गावाहून पाठवलेली, अमॉक्सिसिलिनची, मुलांना द्यावयाची. अशा बाटलीत पातळ औषध नसून कोरडी भुकटी असते. उकळून निवविलेले पाणी लेबलावरच्या रेघेपर्यंत घालावयाचे, खळखळून हलवावयाचे, पुन्हा रेघेपर्यंत भरावयाचे, आणि मग ती फ्रिजमध्ये ठेवून साधारणतः सात दिवसांत संपवावयाची, उरले तर ओतून द्यावयाचे. आपल्या घरांतून हे शेवटचे कलम कोणी पाळीत नाही. ताप उतरताच अर्धी बाटली फ्रिजच्या दारात अंड्यांच्या शेजारी विसावते, आणि पुढच्या सर्दीला, किंवा धाकट्या भावाला, किंवा शेजारणीच्या मुलाला, वजनाचा हिशेब न करता, चमच्याच्या अंदाजाने दिली जाते. अशा शिळ्या औषधाची शक्ती किती उरली हे कोणी सांगू शकत नाही.

औषध कमी पडले तर रोग बरा होत नाही, इतकेच ते प्रकरण नाही. मुलाच्या आतड्यात, नाकात, घशात असंख्य जिवाणू सुखेनैव नांदत असतात आणि त्यांतील फार थोडे शत्रू असतात. औषध आले की दुबळे मरतात, आणि ज्यांच्यापाशी काही संरक्षक युक्ती असते ते उरतात व मोकळ्या जागेत वाढतात. हे उरलेले आपली युक्ती संततीला तर देतातच, पण सर्वस्वी परक्या जातीच्या शेजारी जिवाणूलाही तिची नक्कल उतरवून देतात, जणू एखाद्या कुलकर्ण्याने आपल्या दप्तराची प्रत दुसऱ्या गावाच्या कुलकर्ण्याला विनातक्रार काढून द्यावी. म्हणूनच आज सर्दीसाठी अकारण दिलेले औषध उद्या मूत्रमार्गाच्या दाहात निकामी ठरू शकते. २०१९ साली प्रतिरोधी जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, आणि त्यांत पाचांपैकी एक पाच वर्षांच्या आतील बालक होते.

बरे, ताप म्हणजे जिवाणूच असेही नाही. मुलांच्या सर्दी-खोकल्यांचा बहुतांश विषाणूंचा असतो, ज्यांच्यावर प्रतिजैविकाचा काडीचाही परिणाम होत नाही. जिझानइतकी याची साक्ष दुसरे कोण देणार? सप्टेंबर २००० मध्ये रिफ्ट व्हॅली ज्वर आफ्रिकेच्या बाहेर प्रथमच उद्भवला तो याच प्रांतात आणि शेजारच्या येमेनात. गुराढोरांतून व डासांतून पसरणारा तो विषाणू कोणत्याही प्रतिजैविकाला जुमानणारा नव्हता.

मग घरच्या माणसाने ओळखावे कसे? येथे मला जिझानपासून हजारो मैलांवरच्या गडचिरोलीची आठवण होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील खेड्यांतून बालकांच्या न्यूमोनियाविरुद्ध जो प्रयोग केला, त्यात औषध देणारे हात डॉक्टरांचे नव्हते. गावातील आरोग्यसेवकांचे आणि दाईंचे होते. या दाईंपैकी अनेकींना अक्षरओळख नव्हती आणि मोजणी दहाच्या पुढे जात नव्हती. न्यूमोनियाची मुख्य खूण तर श्वासांची गती. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०: हे आकडे अशा बाईने लक्षात कसे ठेवावेत? तेव्हा एका पट्टीवर मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांची, एक मोठ्या मुलांची, आणि जवळ एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ अशी तजवीज करण्यात आली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्यापर्यंत बोट पोचले तर न्यूमोनिया, आणि मगच औषध. ज्या रोगाला आमच्या आज्या ‘डबा’ म्हणत आणि ज्याच्यासाठी काही ठिकाणी पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देत, त्याचे निदान मण्यावर आले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात सेवकांनी व दाईंनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के नोंदले आहे. उपचाराची ही सोय नसलेल्या गावांत ते १३.५ टक्के होते.

माझ्या मते प्रतिजैविकांच्या साऱ्या चर्चेत या लाल मण्याला जेवढे महत्त्व आहे तेवढे कोणत्याही फर्मानाला नाही. झगझगीत दुकानातील पदवीधर जे न मोजता देत होता, ते गडचिरोलीची निरक्षर दाई मोजून देत होती. तिच्या हातातले प्रतिजैविक, कोट्रायमॉक्साझोल, मात्र पुढे मागे पडले. बालकांच्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आता अमॉक्सिसिलिनला पहिला मान दिला आहे, आणि जुन्या औषधाला सरावलेले जिवाणू हे त्याचे एक कारण आहे. मुदतीचेही तसेच. पूर्वी सात-दहा दिवस हा जणू धर्मच होता. अलीकडच्या चाचण्यांत साध्या न्यूमोनियाच्या मुलांना तीन ते पाच दिवसही पुरेसे ठरले. याउलट स्ट्रेप्टोकोकसमुळे सुजलेल्या घशाला मात्र तोंडाने पेनिसिलिन दिले तर पुरते दहा दिवस द्यावयाचे, कारण तेथे शत्रू घशात असला तरी रोख हृदयाच्या झडपांवर असतो. कोर्स पुरा करा हे वाक्य खरे आहे, फक्त कोर्स किती दिवसांचा हे दर रोगागणिक डॉक्टरनेच ठरवावयाचे असते.

जिझान आणि गडचिरोली यांच्यात आणखी एक धागा आहे, तो रक्ताचा. सिकलसेलचा आजार दोन्हीकडे पुष्कळ आढळतो, जरी आनुवंशिकीच्या दृष्टीने विदर्भाच्या सिकलसेलचे सोयरे जिझानात नसून सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावर सापडतात. अशा मुलांची प्लीहा लवकर निकामी होते आणि साधा जंतूही काही तासांत प्राणावर बेतू शकतो. म्हणून त्यांना वयाच्या पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देतात, आणि ताप येताच श्वास मोजीत न बसता थेट रुग्णालय गाठावयाचे असते. प्रतिजैविक नको असा हट्ट धरणाऱ्यांनी ही मुले विसरू नयेत.

आणि जेथे औषधाची वेळच येऊ नये असे करता येते तेथे लस आहे. टायफॉइडच्या जंतूंनी एकामागून एक औषधे पचविली. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ सालीच, म्हणजे सौदी दुकानांना तंबी मिळाली त्याच वर्षी, ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना नव्या टायफॉइड लशीची टोचणी केली. प्रतिकार असा गाजावाजा न करताही होतो.

त्या रात्री आमच्यापाशी ना मणी होते ना वाळूचे घड्याळ. मुलगा झोपी जाईपर्यंत आम्ही थांबलो, कारण रडत्या मुलाचे श्वास मोजण्यात अर्थ नसतो. मग पुतणसुनेने त्याचा सदरा वर केला, मोबाइलवर एक मिनिट लावले, आणि छातीकडे टक लावून ओठांतल्या ओठांत मोजू लागली. दर दहा श्वासांना मी दिवसा आणलेल्या गजऱ्यातले एक फूल बाजूला ठेवीत होतो. तीन फुले झाली आणि वर दोन श्वास. चाळिसाच्या आत. बरगड्यांखाली खळगा पडत नव्हता, जागा असताना पोर पाणीही घोटघोट प्याले होते. सकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी कान पाहिले, घसा पाहिला, जिझान एकेकाळी मलेरियाचा मुलूख म्हणून रक्तही तपासले, आणि चिठ्ठीवर केवळ पॅरासिटामॉल लिहिले. पुतण्याचे तोंड एवढेसे झाले. इतकी फी भरून तापाचेच औषध घ्यावयाचे तर ते घरात होतेच, असे तो गाडीत दोनदा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरला आणि मुलाने आंब्याची फोड मागितली. पुतणसुनेने कपाटावरची बाटली उचलून कानापाशी हलवून पाहिली. आतली भुकटी कोरडीच खुळखुळली.