परसातले सोबती (भाग ६) : टाके घातलेले पान

बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूरकडच्या जुन्या घरांच्या परसात ठरलेली मंडळी असतात : जास्वंद, कर्दळ, एखादा पेरू किंवा अंजीर, वांगी-भेंडीचे दोन वाफे. मृगाचा पाऊस लागला की या गर्दीतून 'टुविट्-टुविट्-टुविट्' असा खणखणीत आवाज सुरू होतो. आवाजावरून कुणी मोठा पक्षी शोधायला गेला तर फसतो. शेपटीसकट जेमतेम पाच इंचांचा जीव. पाठ हिरवट, डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी उभी. हाच शिंपी. गेल्या आठवड्यातला दयाळ कठड्यावर सर्वांदेखत गातो. शिंपी झुडपातून बाहेर यायलाच तयार नसतो.

त्याचे घरटे बहुतेकदा कमरेच्या-छातीच्या उंचीवर असते, तरी आठ-आठ दिवस घरच्यांना पत्ता लागत नाही. कारण घरटे असे वेगळे काही दिसतच नाही, दिसते ते पान. एखादे रुंद पान, किंवा शेजारशेजारची दोन-तीन पाने, कडेला कडा जुळवून शिवलेली असतात. पानाची वरची, गडद बाजू बाहेर राहते, म्हणून ते इतर पानांत मिसळून जाते. आत कापूस, केस, मऊ तंतू यांची वाटी.

शिवण मादी घालते. चोचीच्या टोकाने पानाच्या कडेला बारीक भोक पाडायचे, त्यातून तंतू ओढून घ्यायचा, मग समोरच्या कडेत तेच. भोक इतके लहान असते की पान वाळत नाही, तपकिरी पडत नाही. पडले असते तर सगळे लपणे फुकट गेले असते. दोऱ्याला गाठ मारलेली नसते. भोकाबाहेर आलेले टोक पिंजून फुगते आणि तिथेच अडकून बसते, लोखंडी पत्र्यातल्या रिव्हेटसारखे. एका घरट्याला असे दीडशे-दोनशे टाके लागू शकतात.

दोरा कुठला? कोळ्याचे जाळे, झाडांचे तंतू, कापूस. एप्रिल-मेमध्ये काटेसावरीची बोंडे फुटून कापूस रस्त्यावर उडत असतो, तो पावसाच्या तोंडावर नेमका हाताशी येतो. माणसाच्या घरातला सुती दोराही शिंप्याला चालतो, आणि शहापूर, वडगाव, खासबाग म्हणजे तर विणकरांची वस्ती. इथे शिंप्याला दोऱ्याची वाण पडायचे कारण नाही!

रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये या पक्ष्याला डार्झी हे नाव देऊन बंगल्याच्या बागेत बसवले. त्याचा डार्झी वेंधळा, गाण्यात रमलेला. बायको मात्र शहाणी. शिवणकाम कोण करते हे पाहिले तर किपलिंग फारसा चुकला नाही. मात्र नराला अगदीच निकम्मा ठरवणे अन्यायाचे होईल. मादी अंड्यांवर बसते तेव्हा तो तिला चारा आणतो, आणि पुढे पिल्लांना भरवण्यात दोघेही असतात.

बेळगावच्या घरट्यांच्या नोंदी मराठी वाचकाला वाटतात त्याहून जुन्या आहेत. १८८० च्या आगेमागे इथल्या छावणीत ई. ए. बटलर नावाचा लष्करी अधिकारी होता. त्याने परिसरातल्या पक्ष्यांची यादी केली. घरटी कुठे, कोणत्या तारखेला, आत किती अंडी, हे तो टिपून ठेवी. त्याची टिपणे अॅलन ह्यूमकडे जात. १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेला तोच हा ह्यूम. भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी यांवरच्या त्याच्या ग्रंथात बेळगावचे नाव वारंवार येते. तेव्हाची पद्धत मात्र अंडी उचलून पेटीत ठेवण्याची होती. आज तेच केले तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ती शिकार ठरते. वन्य पक्ष्याचे घरटे विस्कटणेही त्याच व्याख्येत बसते.

अंडी बहुधा तीन, फिकट, त्यांवर तांबूस ठिपके. साधारण बारा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि आणखी दोन आठवड्यांत घरटे सोडतात. पाहण्यासारखे सगळे या दुसऱ्या पंधरवड्यात घडते. आई किंवा बाप चोचीत अळी धरून येतो, थेट घरट्यावर न उतरता आधी शेजारच्या फांदीवर थांबून इकडेतिकडे बघतो, मग पानात शिरतो. बाहेर येताना कधी चोचीत पांढरी पुडी असते. ती पिल्लाची विष्ठा, पातळ आवरणात गुंडाळलेली. ती लांब नेऊन टाकली जाते. घाण आणि वास घरट्याजवळ राहिला तर मांजर, उंदीर, सरडा यांना वाट सापडते. भारद्वाज तर झुडूप न् झुडूप धुंडाळत फिरतोच.

एवढे शत्रू असल्याने बरीच घरटी पिल्ले उडण्याआधीच रिकामी होतात. त्यात भर घालतो घरातला उत्साह. पान वर करून रोज पाहणे, फोटोला आड येते म्हणून फांदी बाजूला बांधणे, 'जरा साफसफाई' म्हणून कर्दळ छाटणे. या तिन्ही गोष्टींनी आडोसा जातो. खिडकीआडून, दुर्बिणीने पाहावे. परस थोडे अस्ताव्यस्त राहिले तर शेजारी काय म्हणतील ते म्हणोत.

आणखी एक. घरट्यातून नुकतेच निघालेले पिल्लू नीट उडत नाही, शेपटी आखूड असते, ते जमिनीलगत फडफडते. लगेच कुणीतरी त्याला खोक्यात घालून दूध-भात भरवू लागते. त्याला लागतात किडे, आणि ते आणणारे आईबाप पाच-दहा फुटांवर ओरडत असतात. मांजराला आत कोंडावे, पिल्लाला जवळच्या झुडपात ठेवून द्यावे, आणि बाजूला व्हावे. माणसाने हात लावला म्हणून पक्षी पिल्लू टाकून देतो, हा समज खोटा आहे.

कधी मात्र शिंप्याची जोडी आपल्याहून मोठ्या, राखी रंगाच्या पिल्लाला भरवताना दिसते. ते पिल्लू तिचे नसते. शिवलेल्या पानात अंडे घालून जाणाऱ्या त्या छोट्या कोकिळेबद्दल पुढच्या आठवड्यात.