सुट्टीतही दाद मागता येते

समजा, कळंबच्या व्यापाऱ्याने 9 लाखांचे सोयाबीन उधारीवर दिले आणि ऐन मे महिन्यात कळले, की खरेदीदार मालमत्ता घाईने विकून परागंदा होण्याच्या तयारीत आहे. धाराशिवचे न्यायालय उन्हाळी सुट्टीवर आहे, म्हणून हातावर हात धरून बसू नका. सुट्टीतही तातडीच्या कामासाठी न्यायाधीश नेमलेले असतात. उच्च न्यायालयापुरते बोलायचे, तर या जिल्ह्याची प्रकरणे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातात.

व्यापारी न्यायालय कायदा, 2015 नुसार 3 लाख रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाद व्यापारी वाद ठरू शकतो. त्यात दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केले. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल, तरच यातून सूट मिळते. मात्र 2023 च्या निकालानुसार, मध्यस्थी टाळण्यासाठी तातडीचे सोंग आणलेले चालत नाही.

म्हणून अर्जात तीन गोष्टी ठळकपणे मांडा: धोका कधी कळला, आधी का आला नाहीत आणि सुट्टी संपेपर्यंत थांबल्यास कोणते न भरून येणारे नुकसान होईल. करार, बिले, वजनपावत्या, बँक-उतारे सोबत जोडा.

केवळ मुदत संपतेय म्हणून घाबरू नका. न्यायालय बंद असताना दाव्याची मुदत संपली, तर ते उघडेल त्याच दिवशी दावा दाखल करता येतो. तो दिवस मात्र चुकवू नका.