मांजर, उंदीर आणि अण्णा

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये आपण कधी बसलात, तर नवापूर मागे पडल्यावर थोड्याच वेळाने चिंचपाडा नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. नवापूरची कीर्ती मोठी. ते स्टेशन निम्मे गुजरातेत नि निम्मे महाराष्ट्रात. चिंचपाड्याच्या नशिबी असे काही नवल नाही. मिशनचे जुने इस्पितळ, बाजार आणि आसपासचे आदिवासी पाडे एवढीच त्याची ओळख. आमच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, याच भागात मास्तरकीची सारी वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर मुलांनी कितीही बोलावले तरी येथून मुक्काम हलवला नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. फराळाच्या डब्यांबरोबर आमच्या कन्येने पिशवीत एक खोकेही कोंबले होते. ‘टॉम अँड जेरी’च्या जुन्या चित्रपटांच्या तबकड्या! पुण्याच्या घरी आम्ही बापलेकीने त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या होत्या. पण ते खोके अण्णांच्या घरी न्यावे की नाही, याची मला धास्तीच वाटत होती. तिला कारण होते.

परातीचे प्रकरण

1986 सालच्या गणेशोत्सवात आमच्या आळीने नवापूरहून भाड्याने व्हिडिओ आणला होता. रंगीत टेलिव्हिजन, कॅसेट लावायचे यंत्र आणि ते सांभाळणारा एक मिजासखोर इसम, असा तो सगळा सरंजाम असे. रात्रभरात तीन हिंदी चित्रपट दाखवायचे, असा करार. परंतु माणसे जमेपर्यंत करायचे काय? म्हणून तो इसम आधी मांजर-उंदराची एक कॅसेट लावी. खरे सांगायचे तर त्या रात्रीचे तिन्ही हिंदी चित्रपट मी विसरलो आहे. मांजराच्या तोंडावर इस्त्री पडून त्याचे तोंड इस्त्रीच्या आकाराचे झाले, ते मात्र अजून आठवते.

दुसऱ्या दिवशी आमच्या वडील बंधूंनी शास्त्रीय प्रयोग म्हणून माझ्या डोक्यात पितळी परात घातली. चित्रात परातीला डोक्याचा आकार येतो. प्रत्यक्षात परात जशीच्या तशी राहिली आणि माझ्या डोक्याला तीन टाके पडले.

पुढच्या वर्षी व्हिडिओ आला तेव्हा आम्ही दोघे पहिल्या रांगेत बसलो होतो. अण्णा आले, काही न बोलता दोघांचे कान धरले आणि शाळेतल्या यच्चयावत पोरांसमोर आम्हाला घरी नेले. “एकाला मार बसला की दुसऱ्यानं हसायचं, हे शिक्षण माझ्या घरात नको,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर आमच्या घरात त्या मांजराचे नाव कोणी काढले नाही. टाक्यांची खूण मी केव्हाच विसरलो. पण चारचौघांत धरलेला तो कान मात्र पुष्कळ वर्षे दुखत राहिला.

सात मिनिटांची मेहनत

ही चित्रे मुळात मुलांसाठी काढलेली नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुख्य चित्रपटाआधी थिएटरात वार्तापट दाखवीत, तसेच सुमारे सात मिनिटांचे एक व्यंगचित्र दाखवीत. आणि प्रेक्षकांत आजोबांपासून नातवापर्यंत सारे असत. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीसाठी 1940 ते 1958 या काळात टॉम आणि जेरीची 114 चित्रे काढली. त्यांतल्या सात चित्रांना ऑस्कर मिळाले. पहिल्या चित्रात तर मांजराचे नाव टॉम नव्हते, जॅस्पर होते!

या कामाला मेहनत किती लागे, त्याचा हिशेब पाहा. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले, तरी सेकंदाला बारा चित्रे होतात. म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर चित्रे झाली, आणि तीही एकाच पात्राची धरून! मांजर आपटण्याआधी क्षणभर थबकते, डोळे विस्फारते, प्रेक्षकांकडे केविलवाणे पाहते आणि मगच आपटते. हसू येते ते त्या थबकण्याला. चक जोन्स या दुसऱ्या कलावंताचा कोल्ह्यासारखा कायोटी 1949 साली पडद्यावर आला. तो कड्याच्या पुढे हवेत धावत जातो, पण खाली पाहीपर्यंत पडत नाही.

1957 साली मेट्रो-गोल्डविन-मेयरने हा कारखाना बंद केला. जुनीच चित्रे पुन्हा थिएटरांत लावून जवळजवळ तेवढाच पैसा मिळतो, मग नवी कशाला काढायची, असा साधा व्यापारी विचार त्यामागे होता. हॅना-बार्बेरा मग टेलिव्हिजनकडे वळले आणि थोड्या चित्रांत जास्त मिनिटे भागवू लागले. तबकड्यांवर जुनी आणि नंतरची चित्रे ओळीने पाहिली म्हणजे हा फरक लहान मुलालाही कळतो. “बाबा, हा टॉम लाकडाचा वाटतो,” असे आमची कन्या एका उत्तरकालीन चित्राबद्दल म्हणाली. तिने कारण न सांगता दोष अचूक सांगितला.

ही कला आपल्याकडे आलीच नाही असे मात्र नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1915 सालीच आगकाड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ काढली होती. पुण्याच्या प्रभात कंपनीने 1934 मध्ये ‘जंबू काका’ काढला. पुढे 1956 साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा व्यंगचित्रपट विभाग सुरू झाला. डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स तेथे शिकवायला आले. हे गृहस्थ मिशनरी आईबापांच्या पोटी हिंदुस्थानातच जन्मले होते. त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. परंतु आपल्या सरकारी चित्रांवर लोकशिक्षणाची जबाबदारी होती. निव्वळ हसवण्यासाठी पाच हजार चित्रे काढण्याची चैन त्यांना कोठून परवडणार?

पावलांचा प्रश्न

आम्ही चिंचपाड्याला पोचलो तेव्हा घर फार शांत होते. आई जाऊन तीन वर्षे झाली होती. अण्णांचे वय पंच्याऐंशीच्या पुढे. कान जवळजवळ गेलेले. कानाचे यंत्र त्यांनी एकदा लावून पाहिले आणि पेटीत ठेवून दिले. “भावजी, दिवसाकाठी दहा शब्दसुद्धा बोलत नाहीत हो,” वहिनी हळूच म्हणाल्या. जेवायला हाक मारायची तीही खुणेने. ते उठत, जेवत आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसत.

पाडव्याच्या दुपारी अण्णा आत झोपले आहेत असे पाहून मुलांनी तबकडी लावली. शेजारपाजारची पाच-सहा मुले जमली. कोणाच्या घरी मावची बोलतात, कोणाच्या अहिराणी, एक तर सुट्टीला आलेला गुजराती पाहुणा. पण भाषेची अडचण कोणालाच आली नाही, कारण या चित्रांत बोलणे जवळजवळ नसतेच. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळीसुद्धा स्वतः हॅनासाहेबांनी दिलेली आहे.

एका चित्रात मोलकरीण आली. तिची फक्त पावले दिसतात, चेहरा दिसत नाही. मावची बोलणाऱ्या मुलांपैकी एकाने मला विचारले, “काका, ह्या बाईचं तोंड का नाही दाखवत?”

मी लहानपणी हा प्रश्न विचारला नव्हता. ती कृष्णवर्णीय मोलकरीण म्हणजे त्या काळच्या अमेरिकेने काळ्या माणसांची चालवलेली थट्टाच होती. पुढे टेलिव्हिजनसाठी काही चित्रांत तिच्या जागी गोरी बाई रंगवली गेली, काही प्रसंग कापले गेले. तिकडे निघालेल्या एका संचाला हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने प्रास्ताविक करून सांगितले आहे की, हे चुकीचे होते, पण लपवले तर ते घडलेच नाही असे होईल. मी त्या मुलाला एवढेच म्हणालो, “काढणाऱ्यांना तिला चेहरा द्यावा असं वाटलं नाही, बाळा. ती त्यांची चूक.” त्याने क्षणभर विचार केला. “माझी आईपण कामाला जाते,” तो म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला. आपण ज्याला निर्मळ विनोद म्हणतो त्यात कोणाचा तरी चेहरा राहून गेलेला असतो, हे त्या पोराने मला दाखवले.

आणि एवढ्यात मागून हसण्याचा आवाज आला.

दारात अण्णा उभे होते. किती वेळ, कोण जाणे! पडद्यावर टॉम मांजर बो टाय लावून पियानो वाजवीत होते आणि जेरी पियानोच्या पोटात धुमाकूळ घालीत होता. हे 1947 सालचे चित्र. त्यातली लिस्टची संगीतरचना हाच त्याचा प्राण, असे मी आजवर लोकांना सांगत आलो होतो. अण्णांना त्यातला एक सूर ऐकू येत नव्हता. तरीही ते नेमक्या जागी हसत होते. मी उठून आवाज बंद केला. मुलांच्या हसण्यात काही फरक पडला नाही. मेहनतीची चित्रे ती! त्यांना ऐकू न येणारा माणूसही परका नव्हता.

नातीने खुर्ची ओढली. अण्णा बसले. मी कान आपसूक चाचपला. “अण्णा, आम्हाला तुम्ही हे पाहू दिलं नव्हतं,” मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणालो. थट्टेने म्हणायला गेलो, पण आवाज जरा कापलाच.

“तुझ्या डोक्याला टाके पडले होते,” ते म्हणाले. “रात्रभर तुझी आई उशाशी बसली होती.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “हे मांजर आम्ही मेट्रोत पाहिलंय. लग्न झालं त्या वर्षी. मुंबईला गेलो होतो. मुख्य चित्रपट इंग्रजी, काही कळला नाही. पण याला ती इतकी हसली, इतकी हसली, की पुढच्या रांगेतल्या साहेबानं वळून पाहिलं.”

आईने हे आम्हाला कधी सांगितले नव्हते. कसे सांगणार? घरात त्या मांजराचे नाव काढायची बंदी होती ना!

त्या दुपारी अण्णा दहाच काय, शंभरावर शब्द बोलले असतील. धोबीतलावावरचे ते थिएटर, तिकिटाची रांग, आईचे जांभळे लुगडे, परतीची गाडी. तबकडी संपली तेव्हा मुले पांगली आणि वहिनींनी चहा आणला. अण्णांनी कप हातात घेतला, पण नजर पडद्यावरच होती.

“आणखी आहेत का रे?” त्यांनी विचारले.

खोके आम्ही चिंचपाड्यालाच ठेवून आलो.